तुम्ही विचारलेत म्हणून: आवरायला सुरुवात कुठून करावी?

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत प्रथमच येणाऱ्या पाहुण्यांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो. एवढ्याशा जागेत पसारा कसा दिसत नाही, आणि आम्ही आमचे घर आवरायला घेतले तर सुरुवात कुठून करावी? माझे उत्तर दारापासून सुरू होते, म्हणून काहींचा विरस होतो. कोणती वस्तू नको आहे हे बहुतेकांना ठाऊक असते. ती घराबाहेर नेमकी कोणाकडे जाणार हे ठरलेले नसते, आणि म्हणून ती पिशवीत बांधली जाऊन पुन्हा पलंगाखाली सरकते.

यासाठी एका वेळी तेवढेच काढावे, जेवढे त्याच दिवशी, फार तर त्याच आठवड्यात उंबरठा ओलांडेल. सगळे कपाट एकदम रिकामे करण्याचा सल्ला मोठ्या घरांना मानवत असेल. मुंबईत मात्र दुपारी ज्या जमिनीवर ढीग मांडायचा, तिथेच रात्री गाद्या घालायच्या असतात, त्यामुळे संध्याकाळ झाली की तो ढीग होता तसा कोंबला जातो. कुकर लावल्यापासून त्याची वाफ जिरेपर्यंतचा वेळ एका खणाला पुरतो. पहिला खण औषधांचा घ्यावा, कारण मुदत संपलेल्या गोळ्यांवर कोणाची माया नसते. त्यानंतर श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे रिकामे डबे घ्यावेत. ज्याचे झाकण सापडत नाही, तो सुक्या कचऱ्यात जावा.

कपड्यांसाठी बोहारणीसारखी दुसरी सोय नाही. इमारतींच्या दारांवर पहारेकरी आल्यापासून तिची हाक पूर्वीइतकी कानावर पडत नाही, पण जिथे ती येते तिथे धड असलेले कपडे तिलाच द्यावेत. तिच्याशी घासाघीस करून मोठे पातेले मिळवण्यात पुष्कळांना मौज वाटते. माझ्या मते त्यात एक अडगळ जाऊन दुसरी येते, म्हणून मी बदल्यात एखादा डाव किंवा चिमटाच मागते. विटलेल्या सुती साड्यांची फडकी करावीत, मात्र वापरात येतील तेवढीच. पितळेच्या जुन्या भांड्यांबाबत घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय काहीही मोडीत घालू नये. ज्या पातेल्यात खरोखर स्वयंपाक होणार असेल, आणि कल्हई करून देणारा माणूस ठाऊक असेल, तेच ठेवावे, असे मी त्यांना सुचवते, निर्णय त्यांचा.

बंद पडलेले मोबाइल, चार्जर आणि वायरींचे गुंतवळे भंगारात देऊ नयेत, कारण तिथे तांब्यासाठी तारा अनेकदा जाळल्या जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा वस्तूंच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा त्यांच्या संकलन केंद्राची चौकशी आधी करावी आणि मगच तो खण उपसावा.

सर्वांत जास्त वेळ कागदांना द्यावा लागतो. हे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे, कारण दमट हवेत फायलींना बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कित्येक घरांतली कागदपत्रे पाण्यात गेली. म्हणून घराचा करारनामा आणि सोसायटीचे भागपत्र उंचावर, प्लॅस्टिकच्या घट्ट पाकिटात असावे. वडिलांच्या पिढीने घेतलेले शेअरचे कागद सापडले तर ते रद्दीत मुळीच घालू नयेत. सलग ७ वर्षे लाभांश घेतला गेला नाही, तर असे शेअर कंपनी कायद्यानुसार गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, पण वारसांना अर्ज करून ते परत मिळवता येतात. विजेची जुनी बिले, लग्नपत्रिका आणि फ्रिजच्या हमीपत्रांना मात्र रद्दीवाल्याचा काटाच योग्य.

जिन्याखाली किंवा सामाईक गॅलरीत सामान ठेवणे म्हणजे आवरणे नव्हे. आग लागली तर माणसांना बाहेर पडायला तीच वाट असते, आणि शेजाऱ्यांशी भांडण होते ते वेगळेच.

माळा हिवाळ्यात काढावा. एकाने शिडीवर, एकाने खाली उभे राहावे, आणि पहिला खोका दाराबाहेर गेल्याशिवाय दुसरा उतरवू नये. फोटो सगळ्यांत शेवटी घ्यावेत, कारण एक अल्बम उघडला की ती दुपार तिथेच संपते. चिकट पानांच्या अल्बमातला गोंद फोटोंचे नुकसान करतो, म्हणून जे सहज सुटतात तेवढे काढून कागदी पाकिटांत भरावेत आणि अल्बमची जाड पुठ्ठी टाकून द्यावीत. अर्धा खोका त्या पुठ्ठ्यांनीच अडवलेला असतो.