तैवानातला शिमगा

आमच्या तैवानमधल्या शिनचू शहरातल्या ऑफिसात मीटिंगला दोन मिनिटं उशीर झाला तरी माणसं तीनदा माफी मागतात. याच माणसांची देवी मात्र कुठल्या रस्त्याने जाणार, रात्री कुठे टेकणार, हे निघाल्यावर ठरवते आणि त्याबद्दल कुणाची काडीची तक्रार नसते.

मियाओली जिल्ह्यातल्या बायशाथुन गावची ही मात्सू. दर्यावर्दींची राखणदार, चीनमधल्या फूच्येनच्या किनाऱ्यावरच्या लिन घराण्यातली ही मुलगी, 960 सालचा जन्म सांगतात. दरवर्षी तिची पालखी गावच्या गोंगतियान मंदिरातून निघून युनलिनमधल्या बेइगांगच्या चाओतियान मंदिरात जाते आणि परत येते. जाऊन-येऊन साधारण चारशे किलोमीटर, सगळं पायी. निघायचा मुहूर्त कौल लावून काढतात. अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन लाकडी फाका जमिनीवर टाकायच्या; एक पालथी, एक उताणी पडली की देवीचा होकार. रस्ता मात्र कौलातही ठरत नाही.

इथले आपले लोक याला ‘तैवानची वारी’ म्हणतात. मला नाही पटत. वारीचे मुक्काम, रिंगणं, सगळं तिथीवार छापून येतं. ही आमच्या रत्नागिरीकडच्या शिमग्याच्या पालखीची सख्खी बहीण. रूपं, म्हणजे देवांचे मुखवटे, पालखीला लागली, ती सहाणेवरून, म्हणजे गावातल्या तिच्या बैठकीच्या चौथऱ्यावरून उठली की पुढचं तिच्या मनावर. वारी जगाला माहीत आहे, शिमग्याची पालखी मुंबई-पुण्यातल्यांनाही धड माहीत नाही, म्हणून जरा जोर लावून सांगतोय.

चांगह्वा जिल्ह्यातल्या एका चौकात मी हे जवळून पाहिलं. पोलिसांनी सरळ रस्ता मोकळा करून ठेवलेला, झेंडेवाले पुढे निघून गेलेले. गुलाबी कापडात गुंडाळलेली ती लहानशी पालखी चौघांच्या खांद्यावर असते आणि इतकी भरभर जाते की लोक लाडाने तिला गुलाबी सुपरकार म्हणतात. ती चौकात थांबली. पुढे झाली, मागे आली, परत पुढे. हजारभर माणसं एकदम गप्प. मग ती झोकांडी खाल्ल्यासारखी डावीकडे वळली आणि एका गल्लीत स्कूटर दुरुस्तीच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली. दुकानदार स्कूटरखाली पाना घेऊन बसलेला. ग्रीसने काळे झालेले हात कुठे पुसावेत हे त्याला सुचेना. शेवटी तसाच, हात पाठीमागे धरून, गुडघ्यांवर बसला. तेवढ्यात पुढे गेलेले झेंडेवाले धापा टाकत मागे पळत आले. पोलीस हसत होता. त्याला हे रोजचंच असावं.

सोबतचा पुणेकर मित्र म्हणाला, “अरे, भोईच ढकलतात.” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, बहुतेकदा कधी खांदा न लावलेल्यांकडून. आमच्याकडे जमिनीत पुरलेला नारळ पालखी शोधून काढते, त्याला शेरणं काढणं म्हणतात. मी त्या दांड्याखाली उभा राहिलोय. ढकलत कोण होतं म्हणाल, तर मी नव्हतो, आणि माझ्या मागचाही शपथेवर तेच सांगायचा. यापुढे मला काही सिद्ध करायचं नाही. तो पुणेकर पुढे दिवसभर फोनवर पालखीचा ठिपका बघत होता, हेही नमूद करतो. हो, तिचं जीपीएस आहे. रस्ता ठरलेला नाही, पण आत्ता ती कुठे आहे हे सेकंदासेकंदाला कळतं; हे खास तैवानी.

खाण्यापिण्याचं तर काही विचारू नका. दारादारांत टेबलं मांडलेली: मुगाचं गोड गारेगार सार, कांदा-लसणाशिवायच्या नूडल्स, पाणी, वेदनाशामक पट्ट्या. एका आजीने मी नको म्हणताना चार केळी माझ्या पाठपिशवीत कोंबली. पैसे काढले तर ती चक्क रागावली. 2025 मध्ये यात्रेकरूंची नुसती नोंदणीच तीन लाखांवर गेली होती, तरी रांगेत ढकलाढकली दिसत नाही म्हणतात, आणि मला तरी ती दिसली नाही. आणि आमच्याकडे? मानाचा नारळ कुणाचा यावरून गावंच्या गावं अबोला धरतात, कधी पालखी देवळातच अडकते. लाज वाटते. पण भांडतात तेही पालखी आपली वाटते म्हणून. ज्याचं कुणाला काही पडलेलं नसतं त्यावरून कोण भांडेल? शिवाय इथे गर्दी पांगते, तिकडे त्याच वाडीत वर्षभर राहायचं असतं.

मी स्वतः गेली काही वर्षं शिमग्याला गेलेलो नाही. फाल्गुनात आमच्या कामाची तिमाही संपत असते, तिकिटं महाग असतात, आणि तिकडे तीन चुलतभाऊ समर्थ आहेत. तिघांनाही हे पटलेलं आहे. आईला नाही.

पालखी अंगावरून जावी म्हणून इथे लोक रस्त्यावर रांगेने ओणवे होतात, तसा मीही झालो होतो. हात डांबरावर, पुढच्याच्या बुटांपाशी डोकं, मागे एक कॉलेजची पोरगी. डांबर चांगलंच तापलेलं. फटाक्यांचा आवाज जवळ येत गेला, कुणीतरी ओरडलं, सगळ्यांनी डोकी आणखी खाली घातली. आणि पालखी आमच्या अलीकडच्याच गल्लीत वळली. क्षणभर कुणी हललं नाही. मग अख्खी रांग गुडघे झटकत, हसत, तिच्यामागे धावत सुटली, पुणेकर सगळ्यांच्या पुढे.