फाडलेले पत्र

“पण काका, पत्र फाडताना आपण पापच करतो आहोत असे त्याला वाटत होते ना?” पुस्तकात बोट ठेवून पुतणीने आज दुपारी विचारले, आणि माझे ठरलेले उत्तर तोंडातच राहिले.

ती १८८४ साली प्रसिद्ध झालेली मार्क ट्वेन यांची ‘हकलबरी फिन’ ही कादंबरी वाचत होती. गुलामगिरीतून पळालेल्या जिमचा ठावठिकाणा कळवणारे पत्र कादंबरीचा नायक, हक नावाचा मुलगा, लिहितो, तराफ्यावर दोघांनी काढलेले दिवस त्याला आठवतात, आणि आपण नरकात जाणार अशी खात्री असूनही तो ते पत्र फाडून टाकतो.

त्या क्षणी हकचा पूर्वग्रह गळून पडतो, असे मी इतकी वर्षे समजत होतो. तसे घडत नाही. पळणाऱ्या गुलामाला मदत करणे हे पाप, ही लहानपणापासून कानांवर पडलेली शिकवण त्याच्या डोक्यात तशीच असते. जिम मात्र तिच्याहून जवळचा झालेला असतो.

त्याच्या कितीतरी आधी, धुक्यातल्या ताटातुटीनंतर केलेल्या दुष्ट थट्टेबद्दल जिमची माफी मागायला मनाची तयारी करण्यात हकला १५ मिनिटे लागली होती. मला ती १५ मिनिटे पत्राइतकीच मोलाची वाटतात, कारण ते मूल वाढताना, अडखळताना तिथेच प्रथम स्पष्ट दिसते.

“हो, पापच वाटत होते,” एवढेच मी पुतणीला सांगितले. ती पुन्हा वाचू लागली.

विचार बदलण्याआधीच मैत्रीने तुम्हाला कधी पुढे नेले आहे का?