तुम्ही विचारलंत म्हणून: ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे

लग्नात भेटा नाहीतर ट्रेनमध्ये, आणि आमच्या आत्याकडून तर दर दिवाळीला, प्रश्न एकच, ओटी केलंस म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये असतेस का गं? नाही म्हटलं की लगेच पुढचा, मग एमबीबीएसला नंबर नाही का लागला? नाही लागला. नीटमध्ये मार्क कमी पडले, त्यात लपवायचं काय, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आजारपणानंतर जेवण, कपडे अशी रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून दिलेले उपचार, आणि हा शब्दच मी सीईटी सेलचा प्रवेशाचा फॉर्म भरताना पहिल्यांदा वाचला.

आणि गंमत म्हणजे हा कोर्स भारतात सुरू झाला तोच आपल्या मुंबईत, १९५० साली, केईएम हॉस्पिटलमध्ये. सुरू करणाऱ्या कमला निंबकर, जन्माने अमेरिकन, मराठी घरात सून म्हणून आलेल्या. पंच्याहत्तर वर्षं झाली की हो, पण आत्यापर्यंत अजून बातमी पोचलेली नाही.

माझं कॉलेज सरकारी, परीक्षा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, माझ्या वेळी चार वर्षं अभ्यास आणि वर सहा महिने इंटर्नशिप. फी कमी हे खरंच, पण सरकारीत खरी कमाई पेशंटची, इतके येतात की हात आपोआप तयार होतो. स्प्लिंट म्हणजे हाताला आधार देणारा साचा, त्याची प्लास्टिकची शीट गरम पाण्यात टाकली की ओल्या पापडासारखी मऊ पडते, ती पुसायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून चटका बसत नाही ना बघायचं आणि मग पेशंटच्या हातावर पटकन आकार द्यायचा, गार झाली की संपलं. शीट महाग, म्हणून कात्रणंसुद्धा डब्यात जपायचो, त्यात एखादं अंगठ्याचं स्प्लिंट निघतं.

पॅरालिसिसने उजवी बाजू गेलेल्या एक आजी होत्या. फिजिओथेरपीने चालायला लागल्या, घरचे खूश, आजी मात्र गप्प. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, सून भरवते गं, लाज वाटते. मग चमच्याच्या दांडीवर सायकलच्या हँडलची रबरी ग्रिप चढवली, म्हणजे जाड दांडी ढिल्या मुठीत बसते, आणि रोज तेच, वाटीतले तांदूळ या वाटीतून त्या वाटीत. आधी निम्मे टेबलावर. शेवटी एक दिवस डब्यातला वरणभात स्वतः खाल्ला, थोडा पदरावर सांडला, आणि पहिल्या घासालाच सुनेवर ओरडल्या, वरणात मीठ कुठाय?

सून बाहेर जाऊन रडली, मी मीठ शोधायला कँटीनमध्ये.