मल्हार चालतो, खंडू चालत नाही

शुक्रवार, रात्री

भाच्याच्या मुलाचं बारसं परवावर आलं आणि नावाचा पत्ता नाही. आज जेवणं आटोपल्यावर भावाकडे सगळे त्यासाठीच बसलो होतो. कुलदैवत जेजुरीचं, म्हणून अप्पा म्हणाले, "खंडेराव ठेवा." क्षणभर कुणी काही बोललं नाही, मग सूनबाई हसू दाबत म्हणाली, "अप्पा, शाळेत खंड्या म्हणतील हो त्याला." भाच्यानं मोबाइलवरची यादी वर-खाली केली आणि म्हणाला, "मल्हार?" एकमतानं मंजूर. अप्पांनी चष्मा काढून पुसला. "देव तोच, गड तोच, भंडारा तोच. मग माझ्या नावाला काय झालं होतं?"

उत्तर कुणीच दिलं नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या सोसायटीत मल्हार आहेत, एक मार्तंडही आहे. खंडू मात्र पाण्याच्या टँकरवर येतो. शंकर वर्कशॉपमध्ये असतो आणि शर्व इंटरनॅशनल शाळेत. सखू धुणंभांडी करते, सखी भरतनाट्यम शिकते. देव एक, अर्थ एक, पण कुठलं रूप दिवाणखान्यात शोभतं आणि कुठलं जिन्याखाली, हे आपण कधी ठरवलं कोण जाणे.

घरी येताना धोंडो डोक्यात घोळत होता. पाठोपाठ मुलं जायची तेव्हा पुढच्याला मुद्दाम धोंडू, दगडू, भिकू, केरू, कचरू म्हणायचे. नाव ऐकूनच मरणानं तोंड फिरवावं, हा हिशेब. त्यात जातपात नव्हती, घाबरलेली आई सगळीकडे सारखीच. महर्षी कर्वे धोंडोच की. धोंडो केशव कर्वे, 1958 साली, वयाच्या शंभरीत भारतरत्न. त्या धोंडोला कुणी हसल्याचं ऐकलंय? शेवटचा 'ओ' लागला की धोंडा विद्वान होतो. 'ऊ' लागला की गडी, आणि 'या' लागला की कुणीही हाक मारून पाणी आणायला पाठवावं असा पोऱ्या. माझा आपला अंदाज असा, की ज्या घरांत डॉक्टर आधी पोचला त्या घरांनी ही नावं आधी सोडली. ज्यांच्याकडे उशिरा पोचला त्यांच्याकडे ती राहिली, आणि मग आपण म्हणायला मोकळे, "यांच्यात अशीच नावं ठेवतात."

अर्थात सगळंच काही भाबडं नव्हतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सरळ सांगितलंय : ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे ऐकून किळस यावी असं. 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात जे पुस्तक जाळलं त्यात हेही होतं. दगडू मारुती पवार लिहायला लागले आणि दलित साहित्यातले दया पवार झाले. एका दगडूला ते नाव मागे टाकावंसं वाटलं आणि एका धोंडोला तशी वेळच आली नाही, याला काय म्हणायचं?

लाडाच्या नावांचंही तेच. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, घरातलं बाळ चिकटलं ते जन्माला पुरलं. चांगल्या घरातलं टोपणनाव हे असं असतं, खऱ्या नावाच्या जोडीला, वर मिळालेलं. चहाच्या टपरीवरच्या छोटूला मात्र खरं नाव विचारलंय कुणी? एक छोटू गेला की दुसरा येतो, हाक तीच. जुन्या मुंबईत पैसेवाल्यांच्या घरी कोकणातून आलेल्या गड्याला सरसकट रामा म्हणायचे. तो घरचा पांडुरंग असो की सदाशिव, इथे रामा. मालकाला नवीन नाव पाठ करायचा त्रास नको.

या सगळ्यावर मात केली ती आपल्या साखरपट्ट्यानं, असं मला हसत हसत वाटतं. तिकडे आडनावाच्या आधी थेट दाखल्यावरच बाळासाहेब, दादासाहेब, रावसाहेब. बागायतदाराच्या घरातही आणि ऊसतोडीच्या कोपीतही. मान कुणी देवो न देवो, आईबापांनी तो आधीच नावात शिवून टाकलेला. आमच्याकडे नळाचं काम करायला येतात त्यांचं नाव रावसाहेब. सहाव्या मजल्यावरच्या बाईंची जीभच वळत नाही. मागच्या आठवड्यात जिन्यात उभ्या राहून "अहो प्लंबर! अहो प्लंबर!" चाललं होतं. ते पाना खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "रावसाहेब म्हणायचं, म्याडम. नावच हाय." बाई "हो हो" म्हणाल्या आणि पुन्हा "तर प्लंबर, तो बेसिनचा नळ..."

बायकांच्या नावांची घसरण तर डोळ्यांदेखत झाली. तीसच्या दशकात प्रभातच्या पडद्यावर शांता आपटे आणि शांता हुबळीकर म्हणजे केवढा दिमाख. कवितेत शांता शेळके. आज विनोदात कामवाली हवी असली की शांताबाई नाहीतर कांताबाई. लॉकडाऊनमध्ये तर दिवसाला दहा कांताबाई मोबाइलवर येत होत्या. वर गेलेलं नाव खाली आलं की वरचे ते टाकून देतात. पिंकी, डिंपल, स्वीटीचं तेच झालं. आता खालच्यांना हसून झाल्यावर वरची मंडळी पणजीच्या ट्रंकेतून रमा, इरा, यमुना काढताहेत, आणि त्याला 'किती वेगळं नाव!' म्हणताहेत.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना नातू झाला तेव्हाची गंमत. गंमत कसली म्हणा. त्यांनी पेढा देत सांगितलं, "रियांश ठेवलंय." त्या गेल्यावर शेजारीण म्हणाली, "ऐकलंस? यांची नावं हल्ली आपल्यापेक्षा भारी." हिच्या स्वतःच्या नातवाचं नाव कियांश. म्हणजे दगडू ठेवला तर अडाणी आणि रियांश ठेवला तर आगाऊ. मावशींच्या लेकानं काय ठेवायला हवं होतं, हे तिला विचारायचं राहिलं नाही, मी विचारलं. तर म्हणाली, "अगं, साधंसं काहीतरी. राजू वगैरे."

मावशींना स्वतःला नावाचा काही कमी ताप झालेला नाही. माहेरी ठकू. शाळेत गुरुजींनी ठकूबाई लिहिलं आणि जन्मतारीख 1 जून टाकली, त्यांच्या पिढीत निम्म्या गावाची असते तशी. लग्नात तांदळावर सुनंदा झालं. रेशनकार्डावर एक, बँकेत दुसरं, त्यामुळे कुठलाही कागद करायचा म्हटलं की आधी प्रतिज्ञापत्र. म्हणून नातवाच्या वेळी त्यांनी घाई केली. दाखल्यावर नाव घालायला विलंब शुल्काशिवाय वर्षाची मुदत असते, मी तसं सांगितलंही. त्या थांबल्या नाहीत. एका सकाळची कामं सोडून लेकासोबत गेल्या. खिडकीतल्या माणसानं नाव ऐकलं, "हे कसलं नाव?" म्हणाला आणि रियाज लिहिलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मला वाचता येतंय तेवढं. म्हटलं, खोडा. तो म्हणतो, आजी, काय फरक पडतो. म्हटलं, तुमचं नाव काय, सांगा, मी बदलून हाक मारते. मागं रांग लागली होती, लोक ओरडायला लागले. पण लिहून हातात घेतलं तेव्हाच खिडकी सोडली."