कॉइलला काय धाड भरलीय?

"हे बघा, टोक गोल राहिलंच नाही. दोन्ही बाजूंनी सपाट झालंय." दुरुस्तीवाल्या काकांनी मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला. माझ्या रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजची, म्हणजे खाचेतली कंपनं विजेत बदलणाऱ्या भागाची, सुई. कार्ट्रिज डेनॉन डीएल-१०३, मूव्हिंग कॉइल प्रकारचं.

"आणि कॉइल?"

"कॉइलला काय धाड भरलीय? चांगली आहे की!"

दुकानात मात्र न बघताच नवीन कार्ट्रिज घ्यायला सांगितलं होतं. काकांचं ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

मूव्हिंग मॅग्नेट या दुसऱ्या प्रकारच्या कार्ट्रिजची सुई घरीच उपसून नवी बसवता येते. मूव्हिंग कॉइलमध्ये तारेची वेटोळी (कॉइल) सुईच्या दांडीलाच जोडलेली, त्यामुळे झिजतो टोकाचा कणभर हिरा आणि बदलायला सांगतात सगळंच. १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी घडवलेलं डीएल-१०३ आजही बनतं. ते असं टाकून द्यायचं? रिटिपिंगमध्ये त्याच दांडीवर नवा हिरा बसतो. दांडीला आतून धरणारं रबर कडक झालेलं नसलं की झालं. खर्चही मला झेपेल इतका.

तोवर साधं मूव्हिंग मॅग्नेट लावणार. झिजलेल्या सुईखाली बाबांच्या रेकॉर्ड जाणार नाहीत. खाच एकदा खरवडली की कायमची गेली.

तुमच्यापैकी कुणी रिटिपिंग करून घेतलंय का? टोक गोलच ठेवलंत की एलिप्टिकल (लंबगोल)?