पंतय पिलात टाळात बसत नाही

नवी पेठेतून घेतलेले बूट नातेपुत्यालाच चावायला लागले. काकूंनी बजावलं होतं, जुन्या चपला घाल. पण मी पडले शाळेतली बाई, मला कोण सांगणार! शेजारच्या या काकू आळंदीपासून चालत आलेल्या. मी सोलापूरहून एसटीने येऊन शेवटच्या टप्प्यापुरती त्यांच्या दिंडीला चिकटले. वीणेकरी बुवांनी फक्त एवढंच विचारलं, रांग मोडणार नाही ना.

मी ख्रिस्ती. आजोबांच्याही आधीपासून. वडील मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच होते. त्यांना टिळक पाठ. कवी नारायण वामन टिळक 1895 साली बाप्तिस्मा घेऊनसुद्धा म्हणायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, हे वडील पाहुण्यांना हटकून ऐकवायचे. स्वतः मात्र पुलाकडे कधी फिरकले नाहीत. मी उलटी. ख्रिस्ताकडून निघाले आणि या वयात पुलावर येऊन उभी राहिले.

त्याला कारण घडलं होतं. आम्ही चार-पाच बाया बुधवारी संध्याकाळी मंडळीच्या हॉलमध्ये नुसत्या गप्प बसायला लागलो होतो. बायबलातली एक ओळ वाचायची आणि मग अर्धा तास काहीच नाही. मागणं नाही, गीत नाही. कधी कधी त्या अर्ध्या तासात मी कोण आणि ज्याच्यासमोर बसलेय तो कोण, हा हिशेबच लागेनासा व्हायचा. एका पंचाच्या कानावर गेलं. ‘हे ध्यानबिन आपलं नाही.’ झालं, हॉलला कुलूप. मला राग आला तो त्याचं म्हणणं मला अर्धं पटलं म्हणून. वडीलही हेच म्हणाले असते. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: अनुभव तापातही येतो, मतांगिकार ताप उतरल्यावरही राहतो. मतांगिकार म्हणजे आम्ही काय मानतो ते उपासनेत सगळ्यांनी उभं राहून एकत्र म्हणायचं. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, मतांगिकारात देवबाप, पुत्र, पवित्र आत्मा, मरिया, एवढ्या सगळ्यांत येशूला क्रुसावर देणारा हा रोमन सुभेदार पंतय पिलात कशाला? म्हणाले, तो खुंटा आहे. अमक्याच्या अमदानीत घडलं म्हटलं की कुणी स्वप्न म्हणू शकत नाही.

सदाशिवनगरला रिंगण पाहिलं. घोडा दिसला नाही, घोड्याची धूळ दिसली.

दिंडीत ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ चाललेलं. पहिल्या दिवशी मी तोंड मिटून चालले. दुसऱ्या दिवशी ओठांतल्या ओठांत माझं सुरू केलं: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पापिणीवर दया कर.’ पूर्वेकडच्या मंडळ्यांतले साधू ही प्रार्थना श्वासाबरोबर म्हणत आलेत. चौदाव्या शतकात ग्रीसमधल्या अॅथॉस डोंगरावरच्या साधूंची याच प्रार्थनेवरून टर उडवली गेली, बेंबीकडे बघत बसणारे म्हणून. त्यांच्या बाजूने त्यांच्यातलाच एक साधू, ग्रेगरी पालामास, उभा राहिला आणि कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभांनी 1341 मध्ये आणि पुन्हा 1351 मध्ये त्याचं म्हणणं उचलून धरलं. म्हणजे गप्प बसणाऱ्यांची बाजू भर सभेत, पोथ्या उघडून, एकदा तरी वरचढ ठरली आहे. पंचाच्या तोंडावर हे सांगायला हवं होतं. सुचलं कुठे, तर माळशिरसच्या अलीकडे उसाच्या कडेला, समोरच्या बाईच्या डोक्यावरची तुळस बघताना.

मग गंमत म्हणून मतांगिकार टाळावर म्हणून पाहिला. सर्वसमर्थ देवबाप बसतो. कुमारी मरिया छान बसते. पंतय पिलात काही केल्या बसत नाही. तिथे पाय चुकतो. तीनदा चुकला, तेव्हा मागच्या बाईने टाच तुडवली आणि वर ‘माउली, नीट चाला’ म्हणून मलाच ऐकवलं. वारीत शिवी द्यायची असली तरी आधी माउली म्हणतात.

त्या तुडवण्यानेच बहुतेक, माळशिरस सोडल्यावर डाव्या टाचेचा फोड पेरूएवढा झाला. पाऊस नाही, डांबर तापलेलं. दिंडीचा ट्रक पुढे गेलेला. काकूंना कळू न देता मी मागे पडले आणि बाभळीखाली बसले. बूट काढला. मोजा निघेना.

‘काय केलंस गं हे पायाचं?’ शेजारी एक म्हातारी पाय पसरून मिश्री लावत बसली होती. माझ्या उत्तराची वाट न बघता तिने पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. मोजा चिमटीत धरून बघितला. ‘नायलान. सोलापूरची न्हवं तू? शहाणी दिसतीस.’ गाठोड्यातून सुई निघाली, सुईत काळा दोरा ओवलेलाच होता. पलीकडे बिडी ओढणाऱ्या बाबाकडून काडी मागितली, सुई तापवली, पदराला पुसली. मी म्हटलं, राहू द्या, पुढे डॉक्टरांची गाडी असेल. ‘असंल की. तवर काय लंगडशील?’

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, पेत्र नको नको म्हणाला, ती रात्र त्या क्षणी आठवायला हवी होती. आठवलं एवढंच की मोज्यांना तीन दिवसांचा वास येतोय.

तिने फोडाच्या एका कडेतून सुई घातली, दुसऱ्या कडेतून काढली. दोरा आरपार. दोन्हीकडे बोटभर ठेवून दाताने तोडला. पाणी दोऱ्यावरून ओघळलं, आणि टाचेतली ठणक अशी हळूहळू उतरली की माझे डोळेच मिटले. ‘दोरा ओढू नको. त्येच्यावाटं पाणी जाईल. कातडं सोललंस तर पंढरपूर न्हाई, दवाखाना.’ मी पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. भाकरी तिने परत केली, दात नव्हते. चटणी सगळी ठेवून घेतली, पुडीसकट. मला काहीतरी द्यावंसं वाटत होतं, खरं काहीतरी, म्हणून मी उगाचच सांगितलं, ‘मावशी, मी ख्रिस्ती आहे.’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘दोरा ओढू नको.’

धाव्याच्या उतारावर पोचले तेव्हा सगळे पळत सुटलेले. तुकोबांना इथून कळस दिसला आणि ते धावले, म्हणून सगळे धावतात. मी कडेने एक पाय टेकवत, एक उचलत उतरले. पोरं, म्हातारे, झेंडेकरी, सगळे मला ओलांडून गेले. सगळ्यांचा हेवा वाटला.

वेळापूरच्या तळावर समाजआरती. चोपदारांनी चोप उंच धरला, ‘होऽ’ झालं, आणि एवढे सगळे टाळ एका दमात थांबले. एका दिंडीचे मात्र वाजतच राहिले. मला वाटलं, यांना ऐकू गेलं नाही. काकू म्हणाल्या, ‘तक्रार आहे त्यांची.’ चोपदार चालत त्या दिंडीकडे गेले. पाण्याच्या टँकरचं काहीतरी होतं म्हणे. ऐकून घेतलं, काय ते ठरलं, मग टाळ थांबले. माउलींची आरती तोवर खोळंबून राहिली. मला रडू आलं. ते भक्तीचं नव्हतं. आमच्याकडे चोप आहे, टाळ चालू ठेवायची रीत नाही.

आणि तरी क्रुसाचा योहान आठवला, स्पेनमधला साधू आणि कवी. 1577 च्या डिसेंबरात त्याच्याच संघाच्या साधूंनी त्याला धरून टोलेडोत कोंडलं. सुमारे नऊ महिने. त्या अंधाऱ्या खोलीत त्याने कविता रचल्या. 1578 च्या ऑगस्टमध्ये निसटला. निसटून गेला कुठे? त्याच चर्चमध्ये राहिला, त्याच मतांगिकाराखाली, मरेपर्यंत. मी हे पूर्वी वाचलं तेव्हा मला तो भित्रा वाटला होता. त्या रात्री नाही वाटला. अर्थात त्या रात्री राहुटीत माझ्या कानाशी एक बाई घोरत होती, कर्णा बारापर्यंत चालू होता, आणि सकाळी माझा तांब्या नाहीसा. विठ्ठल, ख्रिस्त, कुणाचंही नाव घ्यायची इच्छा उरली नव्हती.

भंडीशेगाव, वाखरी चिखलात गेले. पाऊस आला एकदाचा. पंढरपुरात काकू पदस्पर्शाच्या रांगेला लागल्या, मी चोखोबांच्या समाधीपाशी उभी राहिले. आयुष्यभर दाराबाहेर ठेवलेला माणूस, दारातच राहिला. नीट उभंही राहता आलं नाही, गर्दीने ढकललं. कळसाला हात जोडावे की नाही, हे ठरायच्या आत मी गल्लीत होते.

रविवारी उपासनेला चपला घालून गेले. काळा दोरा अजून टाचेत, वाळून कडक झालेला. मतांगिकाराला बाकाला धरून उभी राहिले. आता पिलात येईल म्हणून पाय आपोआप थबकला, पण इथे टाळ नव्हते. नाव सगळ्यांबरोबर नीट निघालं.

बाहेर पडताना ते पंच दारातच होते. खाली बघून म्हणाले, ‘पायाला काय झालं, बाई?’

‘फोड. चालले थोडी.’ मग म्हटलं, ‘बुधवारी आम्ही बसणार आहोत. हॉलची किल्ली लागेल.’

‘बुधवारी हॉलला रंग द्यायचाय.’

‘गुरुवारी चालेल,’ मी म्हटलं.