झाकण नीट बसलं होतं का?

लॅबमधून फोन आला तेव्हा मी स्लाइड रंगवत होतो. "तुमच्या डब्यातली एक ट्यूब गळलीये. फॉर्मपण भिजलाय. सॅम्पल रिजेक्ट करतोय." एवढं बोलून फोन ठेवला.

ग्रामीण रुग्णालयात टीबीची थुंकी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासायला, पाठवायचं काम माझ्याकडे येऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. गळलेली ट्यूब एका ऊसतोड कामगाराची. सीबीनॅट या जनुकीय तपासणीत रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला रेझिस्टन्स दिसला होता, म्हणजे जंतू त्याला दाद देत नव्हते, म्हणून पुढची तपासणी हवी होती. त्याला परत बोलवायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार. त्यात त्याची टोळी आठवडाभरात दुसऱ्या फडावर निघालेली.

मला वाटत होतं, मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलंय. तीन थर: नमुन्याची आट्याच्या झाकणाची फाल्कन ट्यूब, तिच्याभोवती सगळं पाणी शोषेल एवढा कापूस आणि न गळणारी पिशवी, बाहेर मजबूत खोकं. चौकोन कोपऱ्यावर उभा केलेलं यूएन ३३७३ चं स्टिकर मी पट्टी लावून सरळ चिकटवलं होतं. ते 'बी' म्हणजे कमी धोक्याच्या गटाचं; थुंकी त्यात येते. तेच जंतू लॅबमध्ये वाढवून ते कल्चर विमानाने पाठवायचं असेल तर 'ए' म्हणजे जास्त धोक्याचा गट, यूएन २८१४, आणि पॅकिंगचे नियम कितीतरी कडक. हे मला पाठ होतं. झाकण लावण्याकडे मात्र कधी लक्षच दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या एसटीएलएस (टीबी लॅबच्या वरिष्ठ पर्यवेक्षक) मॅडम आल्या. ओरडल्या नाहीत. दहा नव्या ट्यूब मागवल्या, पाण्यात कार्बोल फुक्सिन या लालसर रंगाचा थेंब टाकून त्या भरल्या आणि म्हणाल्या, "नेहमी लावतोस तशी झाकणं लाव." मी लावली. मग प्रत्येक ट्यूब पांढऱ्या टिश्यूत गुंडाळून रात्रभर उलटी ठेवली.

सकाळी दोन टिश्यूंवर रुपयाएवढे गुलाबी डाग.

आटे तिरके बसले होते. दुहेरी ग्लोव्हज घातले की बोटांना ते कळत नाही. झाकण घट्ट लागतं, पण वाकडं. मॅडमची युक्ती सोपी: आधी झाकण अर्धा फेरा उलटं फिरवायचं, आटा 'टक्' करून खाली उतरल्याचं जाणवतं, मग सुलट आवळायचं. त्यावर पॅराफिल्म (मेणासारखी ताणली जाणारी पट्टी) ताणून, झाकण आवळण्याच्याच दिशेने. "पॅराफिल्म वाकड्या झाकणाला सरळ करत नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी नेमका त्या पट्टीच्या भरवशावर होतो.

दुसरी चूक फॉर्मची. तो मी ट्यूबच्याच पिशवीत कोंबला होता. आता फॉर्म वेगळ्या पिशवीत, खोक्याच्या आत पण ट्यूबपासून लांब. पेशंटचं नाव आणि नंबर ट्यूबच्या अंगावर, झाकणावर नाही. झाकणं उघडल्यावर अदलाबदल होऊ शकते. थंडाव्याला आदल्या दिवशीपासून गोठवलेले जेलपॅक. बर्फाचे खडे अजिबात नकोत, कारण वितळलेलं पाणी आणि गळलेली थुंकी यातला फरक उघडणाऱ्याला कळत नाही. आणि शनिवारी काही पाठवायचं नाही, रविवारी ते कुणाच्या तरी गोदामात पडून राहतं.

तो पेशंट आला. पहाटे तोंड धुऊन, आमच्या आवारातल्या पेरूच्या झाडाखाली उभा राहून खोकला, दोन ट्यूब भरून दिल्या. "मागच्या बारीला काय कमी पडलं व्हतं का?" त्याने विचारलं. "नाही भाऊ, आमचंच चुकलं," मी म्हणालो. त्याच्यासमोरच झाकण उलटं फिरवलं, टक् झालं, मग आवळलं.

खोकं घ्यायला आलेला पोरगा ते बगलेत मारून निघाला, तेव्हा मी नकळत म्हणून गेलो, "अरे, उभं ठेव." मग स्वतःशीच हसलो. नीट भरलेलं खोकं आडवं पडलं तरी गळायला नको.

तिसऱ्या दिवशी लॅबचा मेसेज: "दोन्ही ट्यूब ओके. फॉर्मवर वय लिहायचं राहिलंय."